साबणाचं पाणी

दोन वर्षं झाली, नाकाला काही कळत नाही.
तापातनं उठले तेव्हा आधी फोडणीतला हिंग गेला,
मग घाटावरच्या ओल्या झेंडूंचा वास,
मग माहेरच्या द्राक्षबागेवर मारलेल्या गंधकाचा.
म्हटलं, जाऊ दे.
एकटीच्या घरात कशाकशाचा वास घ्यायचा?

पण टाकी या खेपेला अकरा दिवस आधीच हलकी लागली
आणि पहाटे, लायटर हातात असताना,
माझंच एक वाक्य मला ऐकू आलं.
सातपूरच्या शाळेत सव्वीस वर्षं म्हटलेलं:
गॅसला वास नसतो, पोरांनो.
प्रोपेन, ब्युटेन, गरीब मंडळी.
कार्बनचे चारही हात एकेरी बंधात गुंतलेले,
कुणाशी भांडण नाही, कुणाकडं मागणं नाही,
ठिणगी मिळेपर्यंत.
तो कुजका वास आपण मुद्दाम मिसळलाय
आपल्याच नाकासाठी.

लायटर खाली ठेवला. रेग्युलेटर बंद केला.
बटणाला हात न लावता, अंधारातच,
दार उघडलं, खिडक्या उघडल्या.
निफाडकडची थंडी आत आली, चार अंशांची,
आणि तिच्यामागून साडेसहाला
खांद्यावर भरली टाकी घेऊन दौलत गांगुर्डे.

दहावी ब. खिडकीजवळचा बाक.
ब्युटेनचं ज्वलन लिहायला सांगितलं की
ऑक्सिजनपुढं दर वेळी साडेसहा लिहायचा.
मी लाल शाईनं विचारलेलं,
अर्धा रेणू कोणत्या दुकानात मिळतो रे?
नुसतं दोननं गुणायचं राहिलं होतं.
त्या वर्षी अंबडची कंपनी बंद पडली, वडील घरी बसले,
मग पुष्कळच राहिलं.

"थंडीत ब्युटेन आळशी होतं, मॅडम," टाकी टेकवत म्हणाला,
"शून्याला आलं की बुडाशी बसून राहतं.
प्रोपेन बिचारं एकटं राबतं.
ढाब्यावरची पोरं टाकीखाली जाळ करतात. किती ओरडायचं?"

मग वाटीत पाणी मागितलं, भांडी घासायचा साबण मागितला.
रेग्युलेटर बसवला, नळीवर बोटानं फेस लावला,
आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो
प्रयोगशाळेत बघायचे तसे.

मोहरीएवढा एक बुडबुडा.
हरभऱ्याएवढा.
फुटला.
त्याच जागी दुसरा.

"हा बघा वास," तो म्हणाला.

नळी बदलली. पुन्हा फेस. आता काही हललं नाही.
बऱ्याच वेळानं शेगडी पेटवली,
निळी, खालच्या आवाजात बोलणारी.
गार पातेलं ठेवलं तर त्याच्या बुडाला बाहेरून दव.
जाळातनं पाणी.
सव्वीस वर्षं फळ्यावर उजव्या बाजूला लिहिलं
आणि कधी बोट लावून बघितलं नव्हतं.

तेव्हा सांगायला हवं होतं ते आता जिभेवर आलं:
रेणू मोजायचे सोडून मोल मोजले
तर एका ब्युटेनला साडेसहाच लागतात.
अकरावीच्या पुस्तकात तसं लिहितात, दौलत.
अकरावीच्या.

बोलले नाही. चहात आलं किसलं, अंदाजानं.
"वास कसा सुटलाय?"
त्यानं कपावर नाक नेलं, जरा जास्तच वेळ.
"झकास," म्हणाला,
"थोडं कमी घाला उद्यापासून."

खाली त्याचा टेम्पो सुरू झाला, सीएनजीचा.
मिथेन. घराण्यातलं सगळ्यात धाकटं,
एक कार्बन, चार हायड्रोजन,
चाळीस टाक्यांचा खणखणाट ओढत
त्र्यंबक रोडला लागलं.

वाटी अजून ओट्यावर आहे.
झोपण्याआधी बोट बुडवते,
नळीवरनं फिरवते,
आणि चष्मा लावून बघत बसते.