मध्येच लागतं घर

टाकळीच्या पुलावर भीमा ओलांडली
तेव्हा मीटरवर बाराशे अठरा.
खाली पाणी थोडं, वाळूचे ट्रॅक्टर जास्त,
आणि पुढच्या फलकावर माझ्याच गावाचं नाव,
इतर गावांसारखंच,
पांढऱ्या अक्षरांत, बाणासकट.

कन्याकुमारीत वही आखली तेव्हा
सोलापूर म्हणजे चौदावा मुक्काम.
पुढं मीच लिहिलेलं : ब्रेक पॅड, साबण, ओआरएस.
घर लिहायचं राहिलं होतं.

कंबर तलावापाशी एक पोरगा स्कूटीवर शेजारी आला.
"कुठनं आलाव मॅडम?"
सांगितलं.
"कुठं चाललाव?"
श्रीनगर.
"बाप रे. मग आमचं सोलापूर बघून जावा की,"
म्हणाला, आणि माझ्या शाळेवरून जाणारा रस्ता
मला हातवारे करून समजावला.
मी थँक्यू म्हणाले.
त्या वळणावर आता पूल झालाय,
खरंच चुकले असते.

विडी घरकुलात पोचले तेव्हा
अम्मा सूप मांडीवर घेऊन बसलेली.
पंचवीसचा कट्टा पुरा केल्याशिवाय उठली नाही.
धर्मपुरीपासून ज्यानं त्यानं विचारलेलं,
"एकटी?"
चहावाल्यानं, पोलिसानं, लिंगायत मठातल्या आजोबांनी.
तिनं एवढंच विचारलं,
"रात्री सायकल आत घेतेस ना?"

नाना काही विचारत नाहीत.
त्यांना एका कानानं ऐकू येत नाही,
दुसऱ्यात अजून माग चालू असतो.
जेवण झाल्यावर लग्नपत्रिकेच्या पाठीवर
हिशेब करत बसले.
चाळीस इंच पन्हा. मिनिटाला शंभर फेऱ्या.
आठ तासांची पाळी. माग दोन.
"तुझं रोजचं किती पडतं?"
एक्क्याण्णव, सरासरी.
"आमचा धोटा सत्त्याण्णव पळायचा,"
पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले.
"एकतीस वर्षं."
आम्ही हसलो. अम्मासुद्धा.
मग पत्रिका उलटी करून
कुणाचं लग्न होतं ते वाचत राहिले,
आणि बऱ्याच वेळानं, पत्रिकेलाच,
"पण दर खेपेला परत यायचा."

मी काय बोलणार होते?
हुबळीनंतरच्या चढावर
मी रडले होते, हे सांगावंसं वाटलं,
का ते सांगता आलं नसतं.
कडक भाकरी कुस्करत राहिले.

झोपायच्या आधी त्यांनी सायकल उलटी केली.
मागच्या चाकाच्या तारांवरून
एक बोट फिरवलं,
ताण्याचे धागे चाचपतात तसं,
आणि ऐकू न येणारा माणूस
एका तारेपाशी थांबला.
"ही सैल."
मी म्हटलं, बेंगळुरात दुकानात दाखवलंय.
"हो का," म्हणाले,
आणि पाना घेऊन अर्धा फेरा आवळला.

रात्री माझ्याच गादीवर झोप लागेना.
पेट्रोल पंपावर लागली होती,
बसवान बागेवाडीच्या बाकावर लागली होती.
इथं पंखा तोच, त्याची कुरकुर तीच,
आणि पाय झोपेतही
कुणाला तरी मागं टाकत होते.

साडेचारला निघाले.
अम्मानं शेंगाचटणी दोन पिशव्यांत बांधली,
एक फुटली तर एक राहील म्हणून.
नाना गेटपर्यंत आले, टायर दाबून बघितला,
हात माझ्या नाही, सीटच्या पाठीवर ठेवला.
तुळजापूर नाक्यावर दुधाच्या गाड्या,
मग काळोख, मग घाटाचा पहिला गिअर.

वर पोचल्यावर वही काढली.
मुक्काम कुणाकडे, हा रकाना
रोज न चुकता भरते मी,
म्हणजे घरी गेल्यावर पत्रं पाठवता येतील.
पेन बराच वेळ हातात राहिलं.
मग बाकीच्यांचं लिहिते तसंच लिहिलं :

नरसय्या चिलवेरी, माग कामगार, निवृत्त.
माणसं चांगली.
चाक बघून दिलं.
पैसे घेतले नाहीत.