शंभरातली पाच

उलानबातरला आज उणे एकतीस.
धूर इतका, की समोरची इमारत ऐकू येते, दिसत नाही.
हात धुऊन लिहायला बसले, बाबा,
प्रयोगशाळेचा वास कागदाला लागू नये.

डॉक्टर खांदमा म्हणाल्या होत्या: तंतू. रोज तंतू.
तू म्हणालास, गवत मेंढरं खातात,
मेंढरं मी खातो,
म्हणजे गवत खाऊन झालं माझं.
सगळा वॉर्ड हसला. मीही.
रात्री मात्र तू तळपाय घासत होतास
पलंगाच्या लोखंडाला,
लगाम धरून राठ झालेल्या बोटांनी
कातडी उकरत होतास, रक्त येईतो,
जिथं ना गोचीड होती, ना पुरळ.
नुसतं पित्त, वाट चुकून रक्तात उतरलेलं.

पित्ताचं कसं सांगू तुला?
कळप समज.
काळजाच्या मेंढवाड्यातून जेवणाच्या हाकेसरशी सुटतो,
आतड्याच्या लांबलचक दरीत उतरतो,
चरबीला तोंड लावतो, तिचा भुगा करतो,
आणि शेवटच्या वळणावरून माघारी फिरतो.
शंभरातली पंच्याण्णव घरी येतात,
दिवसातून कितीतरी खेपा,
तीच ती मेंढरं.
तुझ्या मेंढवाड्याची दारं आता बुजत चाललीत.
आत जागा नाही, बाहेर वाट नाही,
मग ती भिंत ओलांडतात
आणि तुझ्या कातडीखाली येऊन उभी राहतात, रात्रभर.

म्हणून हा जांबा पाठवतेय.
आजी भाजायची तेच जवाचं पीठ.
सोबत ओट्सची पिशवी, तिच्यावर रशियन अक्षरं.
शिजले की बुळबुळीत होतात, किळस येईल. येऊ दे.
त्या बुळबुळीतच काही मेंढरं रुततात
आणि माघारी न फिरता पुढं निघून जातात,
शरीराबाहेर, कायमची.
फार नाही. चार-दोन.

बरा होशील असं मी लिहीत नाहीये.
गोळ्या वेगळ्या, त्या चुकवू नकोस,
पीठ त्यांच्या जागी नाही.
कदाचित एखादी रात्र सलग झोपशील, एवढंच.

त्या झुडच्या हिवाळ्यात
एका लंगड्या मेंढीसाठी तू तीन दिवस बर्फात हिंडलास.
घरी आलास तेव्हा मिशा फुटत होत्या काचेसारख्या,
मेंढी खांद्यावर, मेलेली.
हरवलेलं एकही तू कधी सोडलं नाहीस.
आणि आता तुला मीच सांगतेय, सोड.
मोजू नकोस. जाऊ दे त्यांना.

आपल्यात सख्ख्यांना काळजाची माणसं म्हणतात.
सूक्ष्मदर्शकाखाली तुझ्या काळजाचा तुकडा
मी स्वतः पाहिला नाही.
सुरेनला पाहायला लावलं,
आणि खिडकीशी उभी राहिले.

काल दोर्जूचा फोन होता.
म्हणाला, पीठ चहात कालवून घेतात,
मीठ घालून, तोंड वाकडं करून,
आणि अर्धं कुत्र्याला घालतात.
अर्धं तरी तू खातोस.

कुत्रा, म्हणे, मजेत आहे.