पोकळ कड्या

वोरूच्या बसस्थानकामागे माझं दुकान.
जुने कॅमेरे, जुन्या दुर्बिणी,
आणि एक मांजर, विकायचं नसलेलं.
फेब्रुवारीत गिऱ्हाईक म्हणजे
बस चुकलेला माणूस.

हेल्यो तांगसूची बस चुकलेली नव्हती.
तिनं बूट आपटून बर्फ झाडला,
हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि काउंटरवर एक आगपेटी ठेवली.
आत, कापसावर, मेलेली मधमाशी.
"हिचा फोटो काढायचाय. जवळून.
भिंग आहे घरी, पण भिंगात पाहिलेलं
रात्री पुन्हा काढून बघता येत नाही."

आधी साठची लेन्स दिली, हलकी, गरिबाची.
पण तिला माशीच्या इतकं अंगावर न्यावं लागतं
की लेन्सचीच सावली माशीवर पडते.
"माझी सासू अशी बघायची," हेल्यो म्हणाली,
"दुसऱ्याचं पत्र, त्याच्या खांद्यावरून."

मग एकशेऐंशीची काढली, लाटण्याएवढी.
ही चतुरांसाठी, फुलपाखरांसाठी,
हातभर लांब राहावं, त्यांना पत्ता लागत नाही.
"ही कुठे उडून चाललीय?"
खरं होतं. शिवाय तिच्या मनगटाचा बारीक कंप
लेन्सच्या टोकाशी पोचेस्तोवर वादळ होत होता.

शंभरची सगळ्यांना मी हीच घ्या म्हणतो.
किंमत ऐकून तिनं आगपेटी मिटली.
"एवढ्यात तीन पेट्या येतात. राण्यांसकट."

गेली मात्र नाही.
मांजराच्या पाठीवर हात ठेवून
मांजरालाच सांगावं तशी सांगत राहिली:
साखरेचा पाक दर सप्टेंबरात आर्वेद घालायचा.
यंदा मी घातला.
अकरा पेट्यांतली एक गेली, कुंपणाकडची.
माशीच्या पोटाशी गोचीड चिकटलेली असेल
तर गोष्ट वेगळी.
नसेल, तर पाक कमी पडला.

बोलता बोलता पिशवीतून कॅमेरा निघाला,
आर्वेदचा झेनिट, पट्ट्याला मेणाचा वास,
पुढे त्याची ती नेहमीची पन्नासची लेन्स,
लग्नांचे, बारशांचे, गायींचे फोटो काढणारी.

तेव्हा मला कड्या आठवल्या.
खालच्या खणात, स्क्रूंच्या डब्याखाली,
एकात एक बसवलेल्या तीन.
मी त्यांतून बोट आरपार घालून दाखवलं.
"काच कुठाय?"
"काच नाही."
"मग पैसे कसले घेता?"
"पोकळीचे.
ही मध्ये घातली की लेन्स कॅमेऱ्यापासून जरा लांब सरते,
आणि तेवढ्यानं तिला जवळचं दिसायला लागतं."
"आणि लांबचं?"
"लांबचं जातं. ही खिडकी, रस्ता, तुमची बस,
सगळ्याची पेज होते."
"लांबचं घेऊन काय करू," ती म्हणाली.

पहिली कडी. दुसरी.
मोतीबिंदू उजव्यात, म्हणून तिनं डावा डोळा लावला.
बराच वेळ काही नाही.
मग: "हिला केस आहेत."
चाळीस वर्षं माशा पाळलेली बाई.
"गळ्याभोवती. लोकरीसारखे. आणि त्यात
पिवळं काहीतरी अजून अडकलंय,
ऑगस्टमधलं."

दोन कड्यांवर स्पष्ट पट्टा नखाच्या कडेएवढा उरतो.
डोळा धरला तर पंख सुटतो,
पंख धरला तर पाय.
ती श्वासानं पुढे-मागे होत राहिली.
डोळा, पंख, पाय, पुन्हा पंख.
पोटाकडे जात नव्हती.
मी मुकाट्यानं दिवा जवळ सरकवला.

शेवटी तिनं माझी पेन्सिल घेतली
आणि टोकानं माशी उताणी केली.

"तिसरी लावा."
"अंधार होईल. तीन कड्यांना प्रकाश पुरत नाही."
"होऊ दे."

बाहेर तिची बस येऊन थांबली, गुरगुरली.
ड्रायव्हरनं दोनदा आत पाहिलं.
हेल्योनं कोपरं काउंटरवर रोवली,
मांजर बाजूला झालं,
आणि तिनं श्वास धरला.