एका हेरिंगचा आठवडा

मासळीवाल्याने विचारलं, "एकच?"
मी म्हटलं, खायचा नाहीये.
तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं
त्या नजरेने मी त्या माशाकडे पाहायला हवं होतं.
पण मी परभणीची. आमच्या घरी मासा
फक्त अंकलिपीत पोहायचा,
दोन फटकाऱ्यांचा, एका डोळ्याचा, किंचित हसरा.

डंडीत डिसेंबरचा उजेड साडेतीनलाच आवरतं घेतो.
स्टुडिओच्या उत्तरेकडच्या खिडकीखाली
पांढऱ्या बशीत हेरिंग, माझ्या हातात कोळसा.
तासाभराने ऊना गेडिस मागे येऊन उभ्या राहिल्या.
"छान आहे. पण हा तुझ्या ओळखीचा.
बशीतला कुठे आहे?"

बशीतला हसत नव्हता.
खालचा जबडा पुढे आलेला,
जेवायला न उठवलेल्या म्हाताऱ्यासारखा,
आणि डोळ्यात चक्क खिडकी होती,
चार तावदानांची.

कोळसा उगाळावा तितका काळाच, असं आपण म्हणतो.
म्हणणाऱ्याने कधी कागदावर उगाळला नसावा.
बोटाने पुसला की राखाडी, तळव्याने पुसला की धुकं,
आणि मळलेल्या रबराने उचलला
की पोटाखालची ती ओली लकाकी,
म्हणजे नुसता कोरा कागद, परत मिळालेला.
हे मला बसमध्ये कळलं,
नाकावर काळा डाग घेऊन उभी असताना.

मंगळवारी शाई.
बाईंनी कुंपणाची काटकी तासून हातात दिली.
मी म्हटलं, बोरू,
आणि तो शब्द त्यांना दोनदा म्हणून दाखवावा लागला.
शाई ऐकून घेत नाही.
शेपटी चुकली ती चुकलीच. तिच्या शेजारी
खरी शेपटी, मग तिच्याही शेजारी
आणखी जराशी खरी.
तीन शेपट्यांचा मासा वाळत घातला दोरीवर.

रात्री फोनवर वडील. सदतीस वर्षं मोजणी खात्यात
साखळी ओढत काढलेली.
"माणसं बांधावर उभी राहून छातीठोक सांगतात,
इथवर आमचं. ऐकून घ्यायचं.
चहा प्यायचा.
आणि लिहायचं ते साखळीचं."
मग आवाज उतरवून, "वास येतो का गं त्याचा?"

येत होता. बुधवारी मी गेलेच नाही.

गुरुवारी चांदीची तार, खडूचा थर दिलेला कागद.
तार इतकी हळू बोलते
की श्वास धरून ऐकावं लागतं.
मी खवले काढायला बसले, एकेक.
माशाची चांदी तोवर उतरत चाललेली,
डोळा आत गेलेला, खिडकी विझलेली.
दिसतं तसं नसतं, असं ऐकत वाढले मी,
म्हणून जग फसतं.
इथे सांगतात, दिसतं तेवढंच काढ.
मी दोघांच्या मधे अडकलेली,
बेचाळिसाव्या खवल्यावर.

शेवटी लॅक्लन नाक धरून म्हणाला, पुरे,
आणि बशी उचलून खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवली.
टे नदीकडून एक सीगल आला,
भाडं थकल्यावर घरमालक येतो तसा, सरळ.
हाताला लागलं ते ग्राफाइटचं ढेकूळ घेऊन
मी कागदाकडे न बघता ओढत सुटले,
पंख, चोच, चोचीतून लोंबणारी शेपटी,
एकच, खरी.
तीन सेकंद असतील.
नंतर पाहिलं तर एक वाकडी जाड रेघ,
आणि पुढे कागद फाटलेला.

ऊनाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. बोलल्या नाहीत.
मीही विचारलं नाही.

चांदीच्या रेघा म्हणे हवा लागून लागून
काही महिन्यांनी तपकिरी होतात.
तो कागद मी पलंगाखाली सपाट ठेवलाय,
बेचाळीस खवल्यांचा अर्धा मासा.
बोटांचा वास लिंबानेही गेला नाही.
वडिलांना सांगितलं, गेला.