पहिलं पाणी

फियानारांत्सुआत वीज पहाटे तीनला येते,
म्हणून मीही तीनला उठते.
बाटलीवर रोपाचं नाव नाही, नुसतं सतरा-ब.
रालालाओ त्याला अबोल्याचं पान म्हणते :
चावलं की जीभ आपली राहत नाही.

सिलिकाच्या नळीतून अर्क उतरतो
थेंबाथेंबानं, म्हाताऱ्यानं जिना उतरावा तसा,
आणि वाटेत स्वतःपासूनच वेगळा होत जातो.
आधी पिवळा, मग शेवाळी, मग मातकट,
मग एक पट्टा, ज्याला रंगच नाही.
त्याला मी चौथा म्हणते.

मिठाच्या पाण्यात काल अंडी फुटली.
कोळंबीची पिल्लं, स्वल्पविरामाएवढी,
दिव्याकडे धावणारी.
प्रत्येक नळीत दहा सोडली.
चोवीस तासांनी भिंगाखाली मोजली :
पहिल्या नळीत दहा, दुसरीत दहा,
तिसरीत नऊ
(एक बहुधा माझ्याच हातून दुखावलेलं).
चौथी हलवली तर
पाणी तेवढं हललं.

आणि दुसऱ्या पट्ट्यानं
पेशींच्या थरातली चीर दोन दिवसांत बुजवली,
भातखाचराचा फुटका बांध
रात्रीतून कुणी लिंपून जावा तशी.

रालालाओ कोंबड्या हाकलत होती, मी विचारलं तेव्हा.
"पहिलं पाणी ओतून द्यायचं, पोरी,
लांब, कोंबड्या फिरकत नाहीत तिथे.
औषध दुसऱ्या पाण्यात.
एवढं विचारायला गाडीभाडं घातलंस?"

अकरा महिने गेले होते माझे.

लिव्हाला ताप चढला तेव्हा मी सहा वर्षांची.
आईनं पानं उकळली.
सरपण ओलं, धूर, मध्यरात्र.
पहिलं पाणी ओतलं होतं का, मला आठवत नाही.
वाडगा आठवतो, कडेचा टवका उडालेला,
आणि लिव्हा विचारत होता,
"माझी जीभ कुठे गेली?"

तापानं की पानानं?
त्या रात्रीचा नमुना कुणी राखला नाही.

आई दुपारी भात घेऊन येते,
चपला दाराबाहेर काढते, इथे कुणी काढत नाही तरी.
बाटल्यांकडे बघते, हात लावत नाही.
"ते पान चांगलंच निघालं ना गं?"

मी दुसरी बाटली खिडकीच्या उजेडात धरते.
"हो, जखमा भरतात त्यानं," म्हणते.

चौथी माझ्या पाठीशी फळीवर असते,
नितळ,
कुणीही पाणी म्हणून पिईल अशी.