मजकूर

वेबसाइटच्या 'आमच्याविषयी' पानासाठी मी लिहून नेलं होतं:
परंपरेचा वारसा, अस्सल चव, विश्वासाची तीन दशकं.
लालबागच्या मिरची गल्लीत, डंकाच्या धडधडीत
इंदुमती शिरोडकरांनी चष्मा पुसून वाचलं.
"छान आहे. कुणाचं दुकान?"

मी शिंकलो. तीनदा.

तोवर त्या गिऱ्हाइकाकडे वळलेल्या:
"बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला.
घरात म्हातारं माणूस आहे ना? मग लवंगी नको.
आणि गरम मसाला लगेच बरणीत कोंडू नका,
घाम फुटतो त्याला."

बिलाच्या पाठीवर तेवढंच उतरवलं.
खाली त्यांनी स्वतः एक ओळ घातली:
सोमवारी डंक बंद.

घरी येऊन टाइप करतोय.
बोटं अजून झोंबतायत,
डोळे चोळायची सोय नाही.