काउंटर नंबर चार, रुवी

शटर अर्धं खाली. रात्रीचे दोन.
मशीनच्या पोटात सिस्टीम एवढीशी:
पत्त्यांचा डाव नाही, गाणी नाहीत, वॉलपेपरही नाही.
बारकोड, ड्रॉवर, पावती.
बाकीचं कंपनीने भरतानाच काढून टाकलेलं.

घड्याळाचा सेल मेला, म्हणून
दिवसभर पावत्यांवर एक जानेवारी दोन हजार नऊ.
शैजा म्हणाली, कुणाची तक्रार नाही, दळवीभाई,
एकानेच विचारलं, भावही तेव्हाचाच का?

त्या तारखेला मी खेडला होतो,
मुकादमांच्या दुकानात
कुणाचा तरी डीव्हीडी प्लेअर उघडून बसलेलो.
पासपोर्ट कोरा.

रुपयाएवढा सेल बदलतो.
आजची तारीख घालायची, तर
बोट जरा रेंगाळतं.
तेवढ्यात ड्रॉवर आपसूक उघडतो:
सुटे बैसे, आणि
कुणाची तरी केसांची पिन.